एक काढून बघायला हवा

११ जानेवारी

नमस्कार,

आपली भेट एकदाच झाली. माझ्या धाकट्या भावाची बॅग, डबा आणि बूट घेऊन तुम्ही आमच्याकडे आला होतात. दारात बराच वेळ उभे राहिलात. आईने आत बोलावल्यावर पायातले न काढता थेट आत आलात, पिशवी खुर्चीवर ठेवलीत आणि काही न बोलता निघून गेलात. आई अजून म्हणते, तो मुलगा फार घाबरला होता.

तुमचे कागदावरचे नाव मला कंपनीकडून पत्त्यासाठी मिळाले आहे. पण तो घरी तुम्हाला भोंगाच म्हणायचा, त्यामुळे दुसरे नाव लिहिताना मी परक्या माणसाला पत्र लिहिते आहे असे वाटते. भोंगा म्हटले तर चालेल का, कळवा.

पत्र लिहिण्याचे कारण असे की मला फोनवर बोलता येत नाही. ती बातमी फोनवर आली. तेव्हापासून फोन वाजला की माझा हात पुढे होत नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते. तिथलाही फोन आता शेजारच्या काउंटरवरची बाई घेते.

कंपनीचे पत्र आले आहे. मुख्य व्हॉल्व्ह घाईने उघडल्यामुळे वाफेची नळी फुटली, असे त्यात म्हटले आहे. आईने चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा वाचले आणि म्हणाली, "होताच तो घाईचा. उभ्याने जेवायचा." तेव्हापासून ती त्याला बोलत असते. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना, केव्हाही. "कशाला रे एवढी घाई करायची?" तो समोर बसला आहे अशा आवाजात. मी तिला थांबवत नाही.

मला एवढेच विचारायचे आहे. तो त्या दिवशी घाईत होता का? तुम्ही तिथे होतात. जे असेल ते लिहा, मला बरे वाटावे म्हणून लिहू नका.

आणि जमले तर, तो नेमके काय काम करायचा तेही लिहा. आम्ही विचारले की तो म्हणायचा, "कान लावायचं काम." त्यापुढे आम्ही विचारले नाही.

त्याची बहीण


२० जानेवारी

ताई, नमस्कार.

भोंगा चालेल. अख्खी गिरणी तेच म्हणते. पाळी सुटली हे सांगायला वेगळा भोंगा कशाला, हा आहे ना, असं तुमचा भाऊच पहिल्यांदा म्हणाला आणि ते नाव चिकटलं. त्याचा सूड म्हणून मी त्याला बहिरा म्हणायला लागलो. कारण तो हेडफोन घालून फिरायचा आणि हाका मारून घसा कोरडा पडला तरी वळून बघायचा नाही. नव्या माणसांना खरंच वाटायचं की याला ऐकू येत नाही. त्याच्यासमोर साहेबांबद्दल काय वाट्टेल ते बोलायचे. मग हा हेडफोन काढून शांतपणे म्हणायचा, "पुढचं सांग, मधलं राहिलं."

काम सांगतो. आमची कागदाची गिरणी. ओला कागद मोठमोठ्या गरम रुळांवरून फिरतो आणि वाळतो. रूळ वाफेवर तापतात. वाफ निवली की तिचं पाणी होतं, आणि ते नळीत राहून चालत नाही. म्हणून नळीवर ठिकठिकाणी लोखंडी डब्या बसवलेल्या असतात, त्यांना ट्रॅप म्हणतात. ट्रॅपनं पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ आत अडवायची, एवढंच. उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. असे शेकड्यांनी ट्रॅप आहेत आणि बाहेरून सगळे एकसारखे. बिघडलेला कुठला ते डोळ्याला कळत नाही, आणि गोंगाट एवढा की कानालाही कळत नाही.

त्यासाठी ते यंत्र. साहेबांच्या कागदावर त्याला अल्ट्रासोनिक तपासणी म्हणतात, आम्ही बंदूक म्हणतो, कारण दिसते तशीच. पुढे एक सळई असते, ती ट्रॅपला टेकवायची. माणसाच्या कानाला लागत नाही इतका बारीक आवाज ती धरते आणि हेडफोनात आपल्याला ऐकू येईल असा करून देते. मशीनची घरघर तिला ऐकूच येत नाही. माणसांचं बोलणं तर मुळीच नाही. बहिऱ्याला त्यातलं तेच जास्त आवडायचं.

चांगला ट्रॅप फुस्स करतो, थांबतो, परत फुस्स करतो. गळका असला की नुसतं फुस्स चालूच. तो वाफ वाया घालवतो, म्हणजे कोळसा खातो, पण माणसाला खात नाही. वाईट तो गप्प झालेला. तो पाणी अडवतो. पाणी नळीत साठत जातं, आणि मागून वाफेचा जोर आला की तोफेच्या गोळ्यासारखं धावतं, समोर येईल ते फोडतं. त्याला आम्ही हॅमर म्हणतो. बहिरा म्हणायचा, ओरडणारे थांबतील थोडा वेळ, आधी गप्प बसलेल्यांकडे जाऊ.

फेरीला निघण्याआधी तो बंदुकीच्या तोंडापुढे अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचा. त्या घासण्यातूनही तसला बारीक आवाज निघतो. तो हेडफोनात आला म्हणजे यंत्र जागं आहे. आम्ही सगळेच तसं करतो, पण तो चिमूट मिठाची असावी तसं करायचा, दोन वेळा, मान तिरकी करून.

आता बंदूक साहेबांनी माझ्याकडे दिली आहे. मी मूळचा नळ्या जोडणारा फिटर. हातात पाना असला की मला अक्कल असते. हेडफोन घातला की माझं मलाच ऐकू येत नाही, म्हणून आणखी मोठ्यानं बोलतो. बायको म्हणते, घरात तरी तो काढलाय असं समजून बोल.

आईंना नमस्कार. पायातले न काढता आत आलो हे मला परतीच्या बसमध्ये लक्षात आलं.

आणि मला अहो-जाहो करू नका. तो तुमचा धाकटा, तसाच मी.

भोंगा


२ फेब्रुवारी

नमस्कार,

पत्र मिळाले. आईला वाचून दाखवले. मिठाच्या चिमटीपाशी तिने मला थांबवले आणि तेवढे परत वाचायला लावले. मग म्हणाली, "लहानपणापासून मान तिरकी करायची सवय. फोटोत सगळीकडे तसाच आलाय." तिने उठून फोटो काढले. खरोखरच सगळीकडे तसाच आहे.

काम समजले. तुम्ही चांगले समजावून सांगता. पण मी विचारलेल्याचे उत्तर पत्रात नाही. दुकानात काही माणसे येतात, हवापाण्याचे बोलतात, नातेवाइकांचे बोलतात, आणि ज्या औषधासाठी आलेली असतात त्याचे नाव घेत नाहीत. मला ते आता ओळखता येते.

त्याचे बूट आईने पुसून दाराजवळ ठेवले आहेत. मी ते आत ठेवले की ती परत बाहेर आणते.

तो घाईत होता का?

अहो-जाहो माझ्याकडून लगेच सुटणार नाही. राग मानू नका.

त्याची बहीण


१६ फेब्रुवारी

ताई,

उशीर झाला, कारण तुम्हाला हवं ते उत्तर माझ्याकडे नाही. जेवढं आहे तेवढं लिहितो.

आमच्याकडे वाफेच्या दोन लाइनी आहेत, त्या दिवशी पहिली बंद राहून परत सुरू व्हायची होती. तो व्हॉल्व्हपाशी होता आणि मी मशीनच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये भिंत. व्हॉल्व्ह उघडायची रीत अशी असते: चाक जरासं फिरवायचं, इतकं कमी की फिरवलं म्हणायला लाज वाटावी. मग थांबायचं. थंड नळीला तापू द्यायचं. मग परत जरासं. मधल्या वेळात चहा पिऊन होतो. त्याला हे करताना मी वर्षानुवर्षं बघितलं आहे. त्या दिवशी बघितलं नाही. मी ऐकलं ते नळीतलं टक् टक्, मग मोठा आवाज, मग वाफेचा.

चाक किती फिरलेलं होतं यावरून कळलं असतं. पण वाफ थांबवायला मी धावत गेलो आणि ते चाक मीच फिरवून बंद केलं. तेव्हा मोजायचं सुचत नाही. सुचलं असतं तरी मोजलं नसतं. त्यामुळे ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

साहेबांचं म्हणणं असं: ट्रॅप सगळे चांगले होते, बहिऱ्यानं स्वतः तपासून तसं कळवलं होतं. ट्रॅप चांगले तर नळीत पाणी साठायला नको. तरी हॅमर झाला, म्हणजे चाक भराभर फिरवलं. साहेब वाईट माणूस नाही. कागदावर काहीतरी लिहावं लागतं, आणि एक-एक गोष्ट बाजूला काढत गेल्यावर त्यांच्या हातात घाई एवढीच उरली.

घाई नव्हती असं मी छातीठोक लिहू शकतो. तुम्ही नको म्हणालात म्हणून लिहीत नाही. उभ्यानं जेवायचा हे खरं आहे, गिरणीतही तसाच. पण चाकापाशी त्याच्याइतका हळू माणूस मी पाहिलेला नाही. एकदा साहेब मागे उभं राहून कंटाळले आणि म्हणाले, "अरे, नळी तापवतोयस की अंडी उबवतोयस?" यानं हेडफोन घातलेला होता, वळूनही बघितलं नाही. नंतर मला म्हणाला, ऐकलं मी, पण अंडी फुटली असती.

बाकी ठीक. मार्चमध्ये दुसऱ्या लाइनीचं काम निघतंय. ती बंद होईल आणि परत सुरू होईल. गडबड चालू आहे.

भोंगा


२६ फेब्रुवारी

नमस्कार,

हे उत्तर मला पुरले. मी आईला अजून सांगितलेले नाही. अर्धे सांगून तिला काय मिळणार, हे मला ठरवता येत नाही.

चाक तुम्ही बंद केलेत. ते गरम असणार. तुम्ही घरी आलात तेव्हा तुमचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते आणि पिशवी मनगटाला अडकवलेली होती. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, मुलाला वळण नाही, हातसुद्धा बाहेर काढले नाहीत. मी काल तिला कारण सांगितले. ती उठून आत गेली.

हात कसे आहेत ते कळवा. भाजल्यावर येणारी नवी कातडी फार दिवस कोरडी राहते.

दुसऱ्या लाइनीबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलेत. ती परत सुरू करताना चाक कोण फिरवणार आहे?

ताई


१२ मार्च

ताई,

तुम्ही शेवटी ताई म्हणून सही केलीत, बरं वाटलं.

चाक मी फिरवणार. दुसरं कोणी पुढे झालं नाही आणि मला कोणी म्हटलंही नाही, मीच म्हणालो. हात चांगले आहेत, पाना धरतात, म्हणजे झालं. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे तुम्ही तिला पत्र लिहू नका. लिहाल असं नाही, पण तुम्ही गप्प राहून बरंच काही करता.

काळजीचं कारण नाही. दुसऱ्या लाइनीवरचे सगळे ट्रॅप मी बंदूक लावून ऐकले. गळके होते ते बदलले. एक गप्प सापडला, तोही बदलला. मला वाटलं नव्हतं मला हे जमेल. आता हेडफोनात बसल्या बसल्या कळतं कोण कसा आहे. प्रत्येकाची लहर वेगळी. कोणी घाईघाईत फुसफुसतो, कोणी म्हाताऱ्यासारखा थांबून थांबून.

सगळ्यात गंमत शेवटच्या दोघांची. भिंतीपलीकडे, सगळ्यात खालच्या जागी, एकाला एक लागून आहेत, एक मुख्य नळीचं पाणी काढतो आणि दुसरा शेजारच्या नळीचं. दोन्ही लाइनींवर अशी एकेक जोडी होती. पूर्वी त्यांचं पाणी उघड्यावर पडायचं, डोळ्यांना दिसायचं. पाणी वाया जातं म्हणून मागे कधीतरी ठेकेदारानं दोघांच्या नळ्या एकत्र जोडून बंद केल्या. आता नुसतं ऐकायचं. तर हे दोघं जुळ्या भावांसारखे आहेत. हा फुस्स करतो तेव्हाच तो. हा थांबला की तोही थांबतो. एका सुरात. मी साहेबांना हेडफोन दिला, तेही हसले. एक जरा कोमट लागतो, पण आवाज चांगला आहे म्हणून राहू दे म्हणाले.

तर सगळं ठणठणीत आहे. शनिवारी लाइन बंद होईल, १९ तारखेला सकाळी सुरू. मी चाक असं हळू फिरवीन की साहेबांना अंडी नव्हे, पिल्लं दिसतील.

आईंना सांगा, पुढच्या वेळी पायातले बाहेर काढीन आणि हातही.

भोंगा


२३ मार्च

ताई,

फोनवर मी धड बोललो नाही, म्हणून लिहितो. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळायला हवं.

एकोणीस तारखेला सकाळी आम्ही चहा पीत होतो. फाटकावरचा पहारेकरी ओरडत आला. "भोंग्या, कोणा बाईंचा फोन आहे. तुझं नाव घेतलं आणि पुढे काही बोलतच नाहीयेत." मी गेलो, हॅलो म्हटलं, पलीकडे नुसता श्वास. मला वाटलं बायकोला कोणीतरी सांगितलं. मी म्हटलं, "अगं, काही होत नाही, संध्याकाळी येतोच." तर पलीकडून, "अरे, ते चाक फिरवू नकोस."

अरे म्हणालात. त्यामुळे तर मला तुम्ही आहात हे आणखीच उशिरा कळलं.

मग तुम्ही एकदम घड्याळांवर गेलात. मला काही उमगेना, पण तुम्ही सांगितलंत ते मी तसंच्या तसं साहेबांना सांगितलं. तुमच्या घरी एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन घड्याळं. पुढच्या खोलीतलं चालू, आईंच्या खोलीतलं बंद. आई म्हणायच्या, काटे अडकलेत एवढंच, घड्याळ चालू आहे, मला टिकटिक ऐकू येते. बहिरा घरी आला होता तेव्हा त्यानं त्यांना भिंतीला कान लावायला सांगितलं, पलीकडे जाऊन पुढचं घड्याळ खाली उतरवलं आणि विचारलं, "आता?" टिकटिक गेली. आई चिडल्या, म्हणाल्या, माझ्या घड्याळाचा आवाज तू नेलास. आणि तो हसत म्हणाला, आमच्याकडेही असे दोघं आहेत, एका सुरात चालतात, एक काढून बघायला हवा.

साहेब म्हणाले, "घड्याळ? कोणाच्या आईचं घड्याळ?"

"बहिऱ्याच्या."

"आणि त्यासाठी मी लाइन थांबवू? वर काय कळवू?"

मी म्हटलं, "साहेब, दुसरे कुठले दोन ट्रॅप तुम्ही कधी एका सुरात ऐकलेत?"

त्यांनी कप ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "पाना आण."

नळी थंडच होती. तो कोमट लागायचा तो ट्रॅप मी सोडवायला घेतला. शेवटचा आटा सुटायच्या आतच पाणी यायला लागलं. काळं, गंजाचं. बादली भरली, दुसरी भरली, मग आम्ही बादल्या बाजूला केल्या आणि वाहू दिलं. साहेबांचे बूट भिजले तरी ते हलले नाहीत. ट्रॅप उघडला तर आत गंजाचा चिखल सिमेंटसारखा घट्ट. तो केव्हा मेला होता कोण जाणे. मी ऐकत होतो तो शेजारचा. त्याचा आवाज लोखंडातून इकडे येत होता, आणि ऊबही त्याचीच.

ताई, ते सगळं पाणी नळीत असताना मी चाक कितीही हळू फिरवलं असतं तरी ते मला सोडणार नव्हतं. हे मला भिजलेल्या जमिनीकडे बघताना कळलं. साहेबांनाही तेव्हाच कळलं असावं. ते म्हणाले, "घाई हा शब्द मी काढायला लावतो." पत्र येईल तेव्हा खरं.

पण तुम्हाला सांगायचं तर पुरतं सांगतो. पहिल्या लाइनीवरची जोडी त्या दिवशीच फुटली आणि तुकडे भंगारात गेले. तिथेही असंच होतं हे मी कधीच दाखवू शकणार नाही. त्यानं घरी म्हटले ते दोघं पहिल्या लाइनीवरचे की दुसऱ्या, तेही माहीत नाही. आणि एक गोष्ट मला छळते, तुम्हालाही छळत असेल. त्याला शंका आली होती. मग त्यानं एक काढून बघितला का नाही? कोणी लाइन थांबवू दिली नाही, की उद्यावर टाकलं, की घरी हसण्यावारी बोलला आणि विसरला? मला तो याबद्दल काही बोलला नव्हता. मी साहेबांना विचारलं, त्यांनाही नाही.

सोबत एक पेनड्राइव्ह पाठवतो आहे. बंदुकीत प्रत्येक फेरीचे आवाज साठतात. त्याच्या फेऱ्या अजून आहेत, साहेबांना विचारून उतरवून घेतल्या. त्यात त्याचं बोलणं नाही, बंदुकीला ते ऐकूच येत नाही हे मी आधी लिहिलं होतं. सगळे ट्रॅपच आहेत. पण प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला त्याची बोटं आहेत. माझ्या बोटांना कायम ग्रीस, त्यामुळे माझा आवाज मऊ येतो. त्याचा कोरड्या कागदासारखा आहे. चूक होणार नाही.

ऐकायचं नसेल तर ठेवून द्या.

भोंगा


८ एप्रिल

भोंग्यास आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची वस्तू मिळाली. कंपनीचे नवे पत्र अजून आलेले नाही. आले तरी आईला वाचायला देईन की नाही, माहीत नाही. तिला आता त्याची गरज नाही.

त्या दिवशी मी फोन केला तेव्हा दुकानात होते. तुझे पत्र आदल्या संध्याकाळी घरी आले होते, पण आईने ते त्याच्या बुटांपाशी ठेवले आणि मला सकाळी निघताना दिसले. दुकानात पोचेपर्यंत वाचत गेले. "एका सुरात" हे शब्द वाचून मी थांबले. कंपनीच्या जुन्या पत्रावर फाटकाचा नंबर होता आणि ते पत्र मी पिशवीत घेऊनच फिरते. तुझ्या पहारेकऱ्याला सांग की मी रडत नव्हते. मला शब्द सापडत नव्हते.

परवा दुकानात फोन वाजला आणि शेजारची बाई जागेवर नव्हती. मी घेतला. चुकीचा नंबर होता.

त्याने एक काढून का बघितला नाही, हे मलाही माहीत नाही. त्या दिवशी त्याने भिंतीवरून उतरवलेले घड्याळ परत लावले नाही. बस सुटेल म्हणून उभ्याने जेवला आणि गेला. ते अजून पुढच्या खोलीत कपाटावर पडले आहे. ते बघून मला कधी वाटते, तिथेही तसेच झाले असेल. कधी वाटते, तो चाकापाशी तसा नव्हता, तू पाहिले आहेस. दोन्ही वाटते. मी त्यातले एक निवडायचे सोडून दिले आहे.

आईला सगळे सांगितले. त्याने घाई केली नव्हती, बहुतेक. त्याला शेजारच्याचा आवाज ऐकू आला, बहुतेक. बहुतेक हा शब्द मी दोन्ही वेळा ठेवला. ती म्हणाली, "मग मी त्याला इतके दिवस काय बोलत होते?" मी म्हटले, "त्याला सवय होती." ती थोडी हसली. मला वाटते हसलीच.

रविवारी आम्ही ते आवाज ऐकले. दुकानातल्या बाईंकडून हेडफोन मागून आणले होते. आधी मी ऐकले. मग आईच्या कानावर लावले. तिला ते मोठे होत होते, म्हणून तिने दोन्ही हातांनी धरून ठेवले आणि मान तिरकी केली. मला तेव्हा कळले की ती सवय त्याला कोणाकडून आली.

बोटांचा आवाज आला. दोन वेळा, तू लिहिलेस तसा. आई म्हणाली, "हात बघ कसे झालेत. किती सांगत होते, झोपताना तेल लाव म्हणून." बोटे थांबून ट्रॅप सुरू झाला की ती मला खूण करायची, मागे ने. मी मागे नेत होते. तिने त्याच्या सगळ्या फेऱ्यांची सुरुवात ऐकली. ट्रॅप एकही ऐकला नाही.

तेलाची एक बाटली बांधून ठेवली आहे. त्याच्यासाठी आणली होती, तशीच राहिली. आई म्हणते ती तुला पाठव. पोस्टात घेतात का ते उद्या विचारते, नाही घेतली तर तू न्यायला ये. नव्या कातडीला रोज लाव. झोपताना लाव, फेरीच्या आधी लावू नकोस, नाहीतर बोटांचा आवाज येणार नाही.

ताई